काटोलला पडलेला दगड आणि न पडलेला दगड

22 मे 2012 ची दुपार. नागपूरपासून साधारण 60 किलोमीटरवरच्या काटोल परिसरात मोठा आवाज झाला आणि आकाशातून दगड पडले! मी तेव्हा अगदी लहान होतो, पण घरी ही गोष्ट अजून निघते.

आकाशातून जमिनीवर पोचलेल्या अशा दगडाला अशनी म्हणतात. बहुतेक अशनी हे मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातल्या लघुग्रहांचे तुकडे असतात. काटोलचा अशनी 'एल 6' या दगडी प्रकारातला. 2021 मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांच्या गटाने त्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचं जाहीर केलं. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असणारं हे खनिज आपल्या शेजारच्या गावात पडलं होतं!

मला वाटायचं, पट्ट्यातले सगळे लघुग्रह असेच असणार. पण हिशेब उलटा निघाला. पट्ट्यातले सुमारे तीन चतुर्थांश लघुग्रह 'सी' प्रकारचे, म्हणजे कार्बनयुक्त आणि कोळशासारखे काळे आहेत. आणि पडताना पाहिलेल्या अशनींत कार्बनयुक्त किती? शंभरात जेमतेम चार-पाच. साधे दगडी मात्र ऐंशीच्या आसपास. असं का?

आपल्या काटोलच्या संत्र्यांचंच बघा. ट्रकभर माल कोलकात्याला गेला. मऊ फळं वाटेतच चेपली, कडक तेवढी पोचली. तिथला व्यापारी म्हणणार, "काटोलची संत्री कडकच असतात!" कार्बनयुक्त दगडांचं असंच होतं. त्यांत पाणी धरून ठेवणारी मातीसारखी खनिजं असतात, त्यामुळे ते ठिसूळ. काही सूर्याजवळून जाताना उष्णतेने तडकतात, उरलेल्यांचा वातावरणात चुरा होतो. क्वचित एखादा खाली पोचतो, जसा 6 जून 2017 ला जयपूरजवळच्या मुकुंदपुरा गावी पोचला.

आता या प्रकारातला एक मोठा लघुग्रह घेऊ. हायजिया. 12 एप्रिल 1849 ला नेपल्समधून ॲनिबाले दि गॅस्परिस यांनी तो शोधला. आकाराने पट्ट्यात चौथा, व्यास सुमारे 430 किलोमीटर. सूर्याभोवती एका फेरीला साडेपाच वर्षं. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी फक्त 6 टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फिरतो.

इथे थोडं गणित. लघुग्रहाची चमक ही परावर्तनक्षमता गुणिले व्यासाचा वर्ग या प्रमाणात असते. समजा, आपण काटोलच्या दगडावर विसंबून हायजियाही दगडी धरला, म्हणजे परावर्तन 24 टक्के. परावर्तन चौपट धरलं की तेवढ्याच चमकेसाठी व्यास निम्मा येतो, 215 किलोमीटर. घनफळ तर एक अष्टमांश! खरा हायजिया नागपूरहून सरळ रेषेत छत्रपती संभाजीनगरच्याही थोडा पुढे जाईल, आपला चुकीचा हायजिया अकोल्याच्या आसपासच थांबेल. म्हणूनच शास्त्रज्ञ इन्फ्रारेड मोजमापही घेतात. काळी वस्तू जास्त तापते आणि जास्त उष्णता बाहेर टाकते, त्यावरून खरा आकार कळतो.

2019 मध्ये चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने घेतलेली हायजियाची चित्रं प्रसिद्ध झाली आणि तो जवळपास गोल निघाला. खरं तर एका मोठ्या टकरीतून त्याच्या तुकड्यांचं अख्खं कुटुंब तयार झालं आहे, त्यामुळे अंगावर भला मोठा खड्डा असेल अशी अपेक्षा होती. तसा खड्डा दिसलाच नाही! संगणकावरच्या गणितातून उत्तर मिळालं: सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वीच्या धडकेत मूळ लघुग्रह पार फुटला आणि तुकडे पुन्हा गोळा होऊन आजचा गोल हायजिया बनला.

असा माल आपल्याकडे आपोआप पोचत नाही, म्हणून माणसालाच आणायला जावं लागलं. जपानच्या हायाबुसा-2 यानाने 2020 मध्ये र्‍युगू या लघुग्रहावरून 5.4 ग्रॅम, तर नासाच्या ओसायरिस-रेक्सने 2023 मध्ये बेन्नूवरून 121.6 ग्रॅम नमुना आणला. दोन्ही लघुग्रह लहान, पण कार्बनयुक्त. बेन्नूच्या नमुन्यात सजीवांच्या प्रथिनांत असणाऱ्या 20 पैकी 14 अमिनो आम्लं सापडली. एवढ्याशा मालासाठी एवढा खटाटोप का, ते आता कळलं ना?

आपणही लॅबमध्ये चार रीडिंग घेतो आणि लगेच निष्कर्ष लिहून मोकळे होतो. यापुढे लिहिण्याआधी एक प्रश्न नक्की विचारू या: हातात आलेला नमुना कोणत्या वाटेने आला, आणि त्या वाटेत काय काय गळून पडलं?