ध्यानाला वेळ कोणती? ब्राह्ममुहूर्त, अक्षांश आणि आपली झोप

ध्यानाला कोणती वेळ चांगली, असं विचारलं की बहुतेक मराठी घरांत एकच उत्तर मिळतं: ब्राह्ममुहूर्त. मुंबई-पुण्यात हे उत्तर सहज पाळता येतं. लंडनमध्ये किंवा त्याच्याही उत्तरेला राहणाऱ्याने ते जसंच्या तसं पाळलं, तर उन्हाळाभर त्याची झोपमोड होईल. कशी, ते आधी पाहू.

मुहूर्ताचं गणित

एक मुहूर्त म्हणजे दोन घटिका, अर्थात ४८ मिनिटं. ब्राह्ममुहूर्त हा रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त. तो सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. म्हणजे तो घड्याळाला नाही, सूर्याला बांधलेला आहे.

मुंबईत २१ जूनला सूर्य सुमारे ६ वाजता उगवतो आणि २१ डिसेंबरला सुमारे ७ वाजून १० मिनिटांनी. त्यामुळे मुहूर्ताची सुरुवात वर्षभरात तासाभरानेच सरकते. लंडनमध्ये याच दोन दिवशी सूर्योदय असतो सुमारे ४:४३ ला आणि ८:०४ ला. म्हणजे ब्राह्ममुहूर्त जूनमध्ये पहाटे ३:०७ ला, तर डिसेंबरमध्ये ६:२८ ला! त्यातून जूनमध्ये तिथे सूर्यास्तच रात्री ९:२० नंतर होतो. अकराला झोपून तीनला उठलात, तर झोप जेमतेम चार तास.

भारतातल्या पहाटे साडेपाचच्या ऑनलाइन सामूहिक ध्यानाचंही तसंच. उन्हाळ्यात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजलेले असतात, दुबईत पहाटेचे चार आणि लंडनमध्ये रात्रीचा एक.

पहाटेची किंमत कोण भरतं?

स्वप्नांची झोप, म्हणजे रेम झोप, रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सर्वाधिक असते. लवकरचा गजर लावून आपण नेमका तोच भाग कापतो. शिवाय जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि त्यातून झोपेचा दाब वाढतो. झोप अपुरी झाली की हा दाब पुरता उतरत नाही. मग डोळे मिटून शांत बसल्यावर डुलकी लागली, तर त्यात इच्छाशक्तीचा दोष नाही.

इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला घंटा होते, हे सगळ्यांना आठवतं. तिथे रात्री साडेनऊला दिवे मालवतात, हे मात्र घरी परतल्यावर विसरलं जातं. पहाट हवी असेल, तर रात्रही तशीच हवी.

दिवसातल्या चार जागा

वेदान्तात ध्यानाची जी विघ्नं सांगितली आहेत, त्यांतली दोन इथे कामाची: लय म्हणजे मन झोपेत बुडणं आणि विक्षेप म्हणजे मन भरकटणं. झोपेचा दाब आणि मेंदूतलं जैविक घड्याळ मिळून आपली सतर्कता ठरवतात, हे प्रारूप अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ साली मांडलं. त्याच्या आधारे दिवसाकडे पाहू.

*सकाळ:* उठल्यावर पहिली १५ ते ३० मिनिटं झोपेची गुंगी असते. याच सुमारास कॉर्टिसॉल चढत असतं. तोंड धुऊन, पाणी पिऊन, थोडं चालून अर्ध्या तासाने बसलात तर लय कमी. मेल उघडण्याआधी बसलात तर विक्षेपही कमी.

*दुपार:* साधारण एक ते तीन या वेळात सतर्कता घसरते, अगदी जेवण हलकं असलं तरी. बसायचंच असेल तर जेवणाआधी बसा.

*संध्याकाळ:* नेहमीच्या झोपेआधी दोन-तीन तास जैविक घड्याळ आपल्याला जोर लावून जागं ठेवत असतं. त्यामुळे अकराला झोपणाऱ्याला रात्री आठची वेळ चांगली. इथे अडथळा झोपेचा नसून दिवसभराच्या विचारांचा असतो.

*अंथरुणात:* शरीर सैल सोडायला उत्तम, पण इथे लय जवळजवळ ठरलेलाच.

दोन आठवड्यांचा प्रयोग

तुमच्या घरात शक्य असलेल्या दोन वेळा निवडा. उठण्याची वेळ न बदलता प्रत्येक वेळ एक-एक आठवडा पाळा. रोज दोनच नोंदी करा: डुलकी किती वेळा आली आणि मन किती भरकटलं, शून्य ते पाच. दोन्हींची बेरीज जिथे कमी, ती तुमची वेळ.

मग ती एखाद्या ठरलेल्या कामाला जोडा. 'मुलांना शाळेत सोडून आल्यावर' ही अशीच एक खूण. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या साध्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागले, मध्यक ६६. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा दोन महिने तरी वेळ बदलू नका, आणि ती पाळण्यासाठी झोप कापू नका.