सहीची घाई नको

लालबाग, मुंबई

चि. ओंकार यास,

काल रात्री वहिनीचा फोन आला. तुझी बॅग अजून डब्लिनला पोहोचली नाही हे ठाऊक होतं. पण विमान कंपनीने पाठवलेल्या कागदावर सही करून, देतील ती रक्कम घेऊन तू विषय मिटवणार आहेस, हे नव्याने कळलं. "जाऊ दे, कोण डोकं लावत बसणार," असं म्हणालास म्हणे. खोटं असेल तर पुढचं वाचू नकोस. खरं असेल तर थांब. सही करू नकोस.

गणपतीची वर्गणी द्यायच्या आधी पावतीपुस्तक उलटसुलट करून बघणारा मुलगा तू. परदेशात जाऊन दोन आठवडे झाले नाहीत तोवर एवढा मऊ कसा झालास?

इथली कंपनी म्हणते, आखातात विमान बदललंत तिथे विचारा. तिथली म्हणते, बॅग जिथे दिलीत तिथे विचारा. दोन्ही विमानांचं तिकीट एकच होतं ना? मग ही टोलवाटोलवी चालत नाही. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा माँट्रियल करार आपल्याकडे ३० जून २००९ पासून लागू आहे. त्यानुसार बॅगेसाठी पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि जिच्या ताब्यातून बॅग गेली ती, यांपैकी कोणालाही धरता येतं. बॅग नेमकी कुठे हरवली ते तू शोधत बसायचं नाहीस. दोघांनाही लिही.

विमानतळावरच बॅग न मिळाल्याचा 'पीआयआर' फॉर्म भरलास, शाबास. पण तो फॉर्म म्हणजे दावा नव्हे. दावा वेगळा, लेखी, तारीख घालून. बॅग २१ दिवसांत आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. उशिरा आली तर हातात पडल्यापासून २१ दिवसांत तक्रार करायची, फुटलेली आली तर ७ दिवसांत. कोर्टात जायला दोन वर्षं असतात. बोर्डिंग पासवर चिकटवलेली ती बॅगेच्या नंबराची पट्टी फेकली नाहीस ना? आणि तिथे घेतलेल्या प्रत्येक कपड्याची, टूथब्रशचीसुद्धा पावती ठेव. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण पावणेदोन लाख रुपये. तेवढे मिळतीलच असं नाही, नुकसान दाखवावं लागतं. पण कंपनीने पुढे केलेला आकडा त्याच्या जवळपास तरी आहे का?

कंपनी परदेशी असली तरी कचरू नकोस. मुंबईहून आदिस अबाबामार्गे दार-एस-सलामला रंगाचा माल पाठवणाऱ्या एकाने, माल खराब झाला म्हणून इथिओपियन एअरलाइन्सविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार केली होती. माल १९९२चा. आम्ही परक्या देशाच्या सरकारची कंपनी, आमच्यावर तुमच्याकडे दावा चालणार नाही, असं कंपनीचं म्हणणं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, चालेल. एकोणीस वर्षं गेली! तू एवढं भांड असं मी म्हणत नाही. पण आपला ग्राहक आयोग परळच्या पुरवठा भवनात वर्षानुवर्षं बसत आलाय, घरून चालत जाण्यासारखा. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही. तुझ्या वतीने मी खेटे घालीन. मला दुसरं काम काय आहे?

फक्त सही नको. इतकी का मागे लागलेय ते दादाला विचार, पण तो बोलणार नाही. गिरण्यांच्या संपानंतर तुझ्या आजोबांनी गिरणीच्या हिशेबाचा इंग्रजीत टाइप केलेला कागद घरी आणला होता. घरात इंग्रजी येणारी मीच. शेवटची ओळ होती की यापुढे माझं काही मागणं राहिलेलं नाही. ती मी वाचली आणि त्यांना नीट समजावली नाही. माझी कॉलेजची फी भरायची होती, पैसे लगेच हवे होते. "करा सही," मी म्हणाले. त्यांनी केली. पेनाचं टोपण लावून पेन मला परत दिलं, चहा मागितला. पुढे कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

असो. रागावले असेन तर मनावर घेऊ नकोस. त्या बॅगेत आजीच्या लुगड्यांची गोधडी होती, हे वहिनीने शेवटी सांगितलं. दाव्याच्या यादीत ती लिही, किंमत काय लावायची ते तूच ठरव. त्यावरून आईला काही बोलू नकोस. तिनेच ती आग्रहाने घातली होती आणि आता रडतेय.

तिकडे थंडी पडलीय आणि तू एकाच जॅकेटवर फिरतोस असं ऐकलं. आज पैसे पाठवतेय. जाड स्वेटर घे, कानटोपी घे. पावती ठेव. नाही ठेवलीस तरी चालेल, पण स्वेटर आजच घे.

तुझी,
आत्या