लॉरेन्स वाचताना: आधी खाण, मग घर, मग शरीर

डी. एच. लॉरेन्स यांच्या कादंबऱ्यांतील लैंगिकता, स्त्री-पुरुषांच्या ठरलेल्या भूमिका आणि उद्योगप्रधान समाज हे तीन विषय आपण वेगवेगळे टिपू नयेत. कोळशाच्या खाणीवर जगणाऱ्या कुटुंबांत ते एकमेकांत गुंतलेले असतात. वाचन पुढील क्रमाने करावे.

१. प्रथम प्रत तपासावी. ‘सन्स अँड लव्हर्स’ (१९१३) छापताना संपादक एडवर्ड गार्नेट यांनी हस्तलिखिताचा सुमारे दहावा हिस्सा गाळला होता. संपूर्ण संहिता १९९२च्या केंब्रिज आवृत्तीत मिळते.

२. त्यानंतर ‘द रेनबो’ (१९१५), ‘विमेन इन लव्ह’ (१९२०) आणि शेवटी ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ (१९२८) घ्यावी. बहुतेक जण शेवटच्या पुस्तकापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

३. पहिल्या वाचनात फक्त कामाची नोंद करावी. पात्र कुठे राबते, मजुरी किती, पैसा कोणाच्या हातात जातो? लॉरेन्स १८८५मध्ये नॉटिंगहॅमशायरमधील ईस्टवुड या खाणगावात जन्मले. वडील खाणकामगार, आई लग्नापूर्वी शिकवण्याचे काम केलेली. ‘सन्स अँड लव्हर्स’मधील मोरेल कुटुंब याच मुशीतले. लहानगा पॉल वडिलांची मजुरी आणायला कचेरीत जातो आणि शरमेने अर्धा होतो. पुढे तो नॉटिंगहॅममधील कारखान्यात आठवड्याला आठ शिलिंगांवर कारकुनी करतो. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू घेणारी क्लारा आईच्या घरी लेसचे काम करून पोट भरते. पॉल-क्लारा संबंध वाचण्यापूर्वी तिची ही कमाई टिपून ठेवावी. तिचा ताठपणा मग निव्वळ स्वभाव वाटत नाही.

४. दुसऱ्या वाचनात लिंगभाव, म्हणजे समाजाने घडवलेले बाईपण आणि पुरुषपण, पाहावा. मोरेल बोलीभाषा बोलतो, त्याची बायको प्रमाण इंग्रजी. मुले आईची भाषा उचलतात आणि बाप स्वतःच्याच घरात परका होतो. ‘द रेनबो’मधील अर्सुला शिक्षिका होऊन स्वतःचा पगार मिळवते, पण ती शाळाही कारखान्यासारखीच माणसे दाबते. हा भाग सावकाश वाचावा. माझ्या मते लॉरेन्स यांचे स्त्रीविषयक सर्वांत प्रामाणिक लेखन इथे आहे.

५. आता शरीराकडे यावे. ‘विमेन इन लव्ह’मध्ये खाणमालक जेराल्ड रेल्वे फाटकापाशी बिथरलेल्या घोडीला टाच मारून कोळशाच्या गाडीसमोर उभी ठेवतो. दोघी बहिणी ते पाहतात: अर्सुला संतापते, गुड्रुन मात्र त्या सत्तेकडे ओढली जाते. जेराल्ड-गुड्रुन यांचे प्रेमप्रसंग या प्रसंगाशेजारी ठेवून वाचावेत. ‘लेडी चॅटर्ली’त नायिकेचा युद्धात पंगू झालेला नवरा क्लिफर्ड याची यंत्रखुर्ची चढावर अडते आणि शिकारराखा मेलर्सला ती ढकलावी लागते. एका माणसाच्या अपंगत्वाला साऱ्या यंत्रसंस्कृतीचे प्रतीक करणे आज खटकते, आणि खटकलेच पाहिजे. तेही टिपणात यावे.

६. समीक्षा यानंतरच. केट मिलेट यांच्या ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’ने (१९७०) लॉरेन्स यांच्यातील पुरुषी वर्चस्वावर नेमके बोट ठेवले. ते आधी वाचल्यास कादंबरी केवळ पुरावे शोधण्यासाठी वाचली जाते.

७. शेवटी या पुस्तकांवरचे अश्लीलतेचे खटले पाहावेत. ‘द रेनबो’वर १९१५मध्येच बंदी आली. ‘लेडी चॅटर्ली’च्या खटल्यात १९६०मध्ये लंडनला पेंग्विन ही प्रकाशनसंस्था निर्दोष सुटली. याच पुस्तकावरून मुंबईच्या पुस्तकविक्रेत्यावर झालेल्या खटल्यात मुल्कराज आनंद यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली, तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९६४मध्ये शिक्षा कायम केली. ‘रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा तो निकाल सहज मिळतो. तो आपण मुळातून वाचावा आणि त्यात खाणीला किती ओळी मिळाल्या, ते मोजावे.