देश नको, प्रश्न द्या

प्रश्न : नववीच्या गटाला 'कझाकस्तान' हा प्रकल्प दिला. पाच जणांनी मुद्दे वाटून घेतले, पण हाती आली नुसती कात्रणवही. गटकाम मुलांना झेपत नाही का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : झेपतं, बाई. पण मुद्दे वाटले म्हणजे गटकाम झालं असं नाही. देशाऐवजी त्यांना एक प्रश्न द्या : कझाकस्तानच्या सीमेवरचा अरल समुद्र आटला कसा? १९६०नंतर अमुदर्या-सिरदर्या नद्यांचं पाणी कापसाकडे वळलं, हे एकाने सांगितल्याशिवाय दुसऱ्याला अराल्स्क बंदराची मासेमारी का बुडाली ते लिहिताच येणार नाही. २००५च्या कोकअरल धरणाने उत्तरेकडे पाणी परतलं, तो भाग सर्वांनी मिळून लिहावा. नकाशाचं वर्ष मात्र तपासा. जुन्या अ‍ॅटलासात समुद्र अजून तुडुंब आहे! गुण निम्मे गटाला, निम्मे तोंडी प्रश्नांवर एकेकाला द्या.