ब्राउझर टेस्ट लावताना

अरे, रेल्सच्या ॲपला ब्राउझर टेस्ट लावायला सुरुवात केलीस हे फार चांगलं केलंस. पण प्रत्येक पडद्याची टेस्ट लिहायला बसू नकोस. जे बंद पडलं तर त्याच दिवशी फोन खणखणतील, ते आधी धर: लॉगिन, ऑर्डर, पैसे भरणं, विसरलेला पासवर्ड. सवलत किती, कर किती हे हिशेब मॉडेलच्या टेस्टमध्येच तपास. तिथे क्षणात उरकतात. ब्राउझर उघडून तेच करायला कितीतरी पट वेळ जातो.

जुळणी आता अवघड राहिलेली नाही. 2017 च्या रेल्स 5.1 पासून सिस्टिम टेस्ट रेल्ससोबतच येतात, आत कॅपिबारा आणि सेलेनियम असतं. क्रोमड्रायव्हर शोधून आणायचं कामही हल्ली सेलेनियम स्वतःच करतं, त्यामुळे त्यासाठी वेगळं जेम घालू नकोस. हेडलेस क्रोमला खिडकीचं माप मात्र तू ठरवून दे. खिडकी लहान पडली की मेनू मोबाइलसारखा मिटतो आणि बटण सापडत नाही म्हणून टेस्ट पडते.

खरी मेख आहे ती थांबण्यात. टेस्टमध्ये स्लीप लिहायचं नाही, अजिबात नाही. तुझ्या लॅपटॉपवर पुरलेले दोन सेकंद सीआयच्या दमलेल्या मशीनवर पुरत नाहीत. कॅपिबारा मुळातच दोन सेकंदांपर्यंत पुन्हा पुन्हा बघत राहतो, त्याला ते करू दे. तू एकूण रकमेचा डबा शोधून त्यातला मजकूर काढलास आणि 500 शी ताडून पाहिलास, तर तो एकदाच वाचला जातो. त्याऐवजी ‘ज्यात 500 लिहिलंय असा डबा आहे का’ असं विचार, म्हणजे आकडा येईपर्यंत कॅपिबारा थांबतो. एखादी गोष्ट जायला हवी असेल तेव्हा ‘हॅज टेक्स्ट’च्या पुढे उद्गारचिन्ह लावून उलटं करू नकोस, ‘हॅज नो टेक्स्ट’ वापर. पहिल्याला मजकूर अजून दिसला की तो लगेच हात वर करतो; दुसरा तो जाईपर्यंत धीर धरतो. आणि बटण दाबल्या दाबल्या डेटाबेसमध्ये डोकावू नकोस. ‘ऑर्डर नोंदवली’ हे पानावर उमटू दे, मग ऑर्डरी मोज.

एवढं बजावतेय कारण कधी पास, कधी फेल अशी एक टेस्ट सगळ्या टीमची सवय बिघडवते. ‘पुन्हा चालव, होईल पास’ हे एकदा तोंडात बसलं की खरा बिघाडही त्याच वाक्याखाली निघून जातो. अशी टेस्ट दिसली की त्याच दिवशी दुरुस्त कर, नाहीतर काढून टाक. टेस्ट पडली की रेल्स स्क्रीनशॉट टेम्प फोल्डरमध्ये टाकतं. लॉगच्या आधी तो बघ.

तारखांचं सांगायचं राहिलं. सीआय बहुधा यूटीसीवर चालतं, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचीच तारीख असते. ‘ट्रॅव्हल टू’ने रुबीचं घड्याळ फिरतं, क्रोमचं नाही. तारीख जावास्क्रिप्ट दाखवत असेल तर रुबी आणि क्रोम दोन वेगवेगळ्या दिवसांत उभे राहतात.

तुमची साइट मराठीत आहे, म्हणून आणखी थोडं. जावास्क्रिप्टला मराठी लोकेल दिलं की रक्कम १,२५,००० अशी उमटते. टेस्टमध्ये 1,25,000 लिहिलंस तर जुळणार नाही. डॉकरच्या इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नसेल तर स्क्रीनशॉटमध्ये नुसते चौकोन येतात, पण टेस्ट पास होत राहते, कारण पानाच्या आतला मजकूर बरोबरच असतो. नोटो सान्स देवनागरी घालून ठेव.

आणि टेस्ट हिरवी झाली की लगेच कमिट करू नकोस. ज्या ओळीने ऑर्डर साठवली जाते ती ओळ कोडमधून काढ आणि पुन्हा चालव. तरीही हिरवीच राहिली, तर ती टेस्ट काहीच तपासत नाहीये. मग ती बसून नव्याने लिही.