चंद्रकलांचा पाठ: आधी प्रश्न, मग गोळा, शेवटी पडदा

शाळेत प्रोजेक्टर आला की शिक्षक-खोलीत पहिला प्रश्न निघतो, ‘यावर काय दाखवायचं?’ पाठाच्या आखणीत हा प्रश्न सगळ्यांत शेवटी यावा, असं माझं ठाम मत आहे. आधी विचारावं, की या पाठात मुलं नेमकी कुठे अडतात. ती अडचण कशी सोडवायची, हे त्यानंतर ठरवावं. एवढं करूनही जे हातांनी आणि फळ्यावर जमत नाही, त्याच्यासाठी पडदा लावावा.

या विचाराला अभ्यासकांनी चौकट दिली आहे. विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याचं ज्ञान जिथे एकजीव होतं, तिथे शिक्षकाचं खास ज्ञान तयार होतं, असं ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्याला तंत्रज्ञानाची तिसरी बाजू जोडली. हीच चौकट पुढे ‘टीपॅक’ नावाने ओळखली जाऊ लागली. प्रशिक्षणात तिची तीन वर्तुळं दाखवतात आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. वर्गात मात्र ही वर्तुळं प्रत्येक पाठात निराळ्या जागी मिळतात, म्हणून इथे एकच पाठ घेऊ: चंद्रकला, सातवी-आठवीसाठी.

साहित्य: प्रत्येक मुलाला पेन्सिलीवर खोचलेला लिंबाएवढा थर्माकोलचा पांढरा गोळा, शेड नसलेला एक प्रखर बल्ब, खिडक्या झाकायला जाड कापड, एक फुटबॉल, एक टेनिस बॉल, मोजपट्टी, तिथ्या आणि संकष्टीचे चंद्रोदय छापलेली भिंतीवरची दिनदर्शिका, आणि ‘स्टेलेरियम’ घातलेला संगणक. स्टेलेरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. एकदा संगणकावर घेतलं की या पाठापुरतं इंटरनेट लागत नाही.

पहिली पायरी: मुलांच्या मनात काय आहे ते पाहा
शिकवायच्या आधी कोरा कागद द्या. ‘चंद्राची कोर का दिसते? चित्र काढून सांगा.’ गुण देऊ नका, चूक-बरोबर सांगू नका. बऱ्याच कागदांवर एकच उत्तर सापडेल: पृथ्वीची सावली पडते म्हणून. हीच या पाठातली खरी अडचण. ही समजूत ग्रहणाची आहे, पण मुलं ती रोजच्या कलांना लावतात, आणि मोठी माणसंही लावतात. हे कागद जपून ठेवा.

दुसरी पायरी: आधी आकाश
शुक्ल द्वितीयेपासून मुलांना निरीक्षणाची वही करायला सांगा. वेळ रोज एकच, संध्याकाळी सात. घरच्यांसोबत अंगणात किंवा गच्चीवर जायचं, चंद्राचा आकार काढायचा आणि तो कोणत्या दिशेला किती उंच आहे ते लिहायचं. उंची मोजायला हात ताठ करून मूठ धरावी. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. चंद्र रोज मुठीहून थोडा जास्त पूर्वेकडे सरकलेला दिसेल.

इथे शिक्षकाचं विषयज्ञान पक्कं हवं. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी पूर्ण होते. तीस तिथ्यांत ३६० अंश होतात. म्हणजे घरातली दिनदर्शिका हा कोनांचाच तक्ता आहे. हे मुलांना लगेच सांगू नका. वह्या भरू द्या.

पौर्णिमेनंतर गंमत होते. सात वाजता चंद्र दिसतच नाही. मुलं तक्रार घेऊन येतील, ‘चंद्र उगवलाच नाही.’ उत्तर देऊ नका. सकाळी शाळेत येताना पश्चिमेकडे पाहायला सांगा आणि ‘सात वाजता तो कुठे होता?’ हा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढचा सगळा पाठ या प्रश्नावर उभा आहे.

तिसरी पायरी: गोळा आणि बल्ब
खोली अंधारी करा, मधोमध बल्ब मुलांच्या डोक्याच्या उंचीवर लावा. बल्ब म्हणजे सूर्य, मुलाचं डोकं पृथ्वी, गोळा चंद्र. गोळा हात लांब करून डोक्याहून थोडा वर धरायचा, आणि हे महत्त्वाचं आहे. खाली धरला तर डोक्याची सावली त्यावर पडते आणि जुनी समजूत आणखी घट्ट होते. बल्बकडे तोंड केलं की गोळ्याची अंधारी बाजू समोर येते: अमावास्या. आता सावकाश डावीकडे वळायचं. आधी उजव्या कडेला कोर उमटते, पाव फेरीला अर्धा गोळा उजळतो, बल्बकडे पाठ झाली की पूर्ण. प्रत्येक मुलाने किमान दोन फेऱ्या घ्याव्यात, आणि मग ज्याने त्याने आपल्या वहीतलं एकेक चित्र गोळ्यावर शोधून काढावं. घाई करू नका. हा अनुभव कोणताही व्हिडिओ देत नाही, कारण तिथे मूल बाहेरून पाहत असतं आणि इथे ते स्वतः पृथ्वी असतं.

आता सावलीचा निकाल लावा. फुटबॉल पृथ्वी मानला तर टेनिस बॉल जवळपास चंद्राएवढा भरतो. दोघांत अंतर किती, असं विचारलं की मुलं हातभर दाखवतात. खरं प्रमाण तीस पृथ्वी-व्यासांचं, म्हणजे फुटबॉलपासून साडेसहा मीटर; वर्गाच्या दुसऱ्या टोकाला. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, त्यामुळे एवढ्या अंतरावर तो अर्ध्या मीटरहून अधिक वर किंवा खाली जाऊ शकतो. पृथ्वीची गडद सावली तिथे जेमतेम सोळा सेंटिमीटर रुंद. बहुतेक पौर्णिमांना चंद्र त्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. म्हणूनच दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही.

चौथी पायरी: पडदा
आता स्टेलेरियम, एका नेमक्या कामासाठी: क्षितिजाखाली पाहण्यासाठी. गोळ्याच्या खेळात क्षितिज नसतं आणि आकाशात जमिनीखाली दिसत नाही.

एफ-६ दाबून आपलं गाव निवडा. दुसरं ठिकाण राहिलं तर कोरीचा कल बदलेल. आपल्याकडे ती बऱ्याचदा आडव्या होडीसारखी दिसते, तर उत्तरेकडच्या देशांत उभी. एफ-५ ने तारीख शुक्ल द्वितीयेची आणि वेळ सातची करा. चंद्र मोठा दाखवण्याची सोय चालू करा, मात्र तो मुद्दाम मोठा केला आहे हे मुलांना सांगा. मग ‘=’ ही कळ दाबत जा; दर वेळी एक दिवस पुढे. आधी मुलं वहीत पाहून पुढचा चंद्र कुठे असेल ते बोटाने दाखवतील, मगच कळ दाबायची. अंदाज न घेता कळ दाबत गेलात तर तो सिनेमा होतो.

पौर्णिमेनंतर चंद्र गायब झाला की ‘जी’ दाबा. जमीन नाहीशी होते आणि पूर्वेच्या क्षितिजाखाली चंद्र दिसतो. फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर हेच. आता कृष्ण चतुर्थीला वेळ पुढे सरकवा, चंद्र नऊच्या मागेपुढे वर येईल. दिनदर्शिकेतली संकष्टीची वेळ वाचून ताडून पाहा. आई किंवा आजी उपास सोडायला का थांबते, याचं खगोलशास्त्र मुलांना तिथे कळतं: चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे जातो.

पाचवी पायरी: पडताळणी
व्याख्या विचारू नका. असे प्रश्न द्या: कोजागरीचा चंद्र माथ्यावर यायला मध्यरात्र का होते? सकाळी शाळेत येताना पश्चिमेला चंद्र दिसला तर पक्ष कोणता? संध्याकाळी माथ्यावर अर्धा चंद्र असेल तर तिथी कोणती असावी? मग पहिल्या दिवशीचे कागद परत द्या आणि मुलांनाच लाल शाईने दुरुस्त करू द्या.

संगणक बंद पडला किंवा वीज गेली तर चौथी पायरी दिनदर्शिकेवर आणि फळ्यावर करता येते, थोडा वेळ जास्त लागतो. दुसरी आणि तिसरी पायरी गाळून नुसती चौथी केली, तर मात्र पाठ झाला असं समजू नका.

पावसाळ्यात वह्या कोऱ्या राहतात, म्हणून पाठ दिवाळीनंतर घ्या. दिवाळीनंतरची शुक्ल द्वितीया आजच दिनदर्शिकेत पाहून ठेवा आणि त्या संध्याकाळी मुलांना वही घेऊन बाहेर पाठवा.