परसबागेत आधी पाण्याची वाट, मग रोप

जबलपूरच्या नेपियर टाउनसारख्या वस्तीत बंगल्याभोवती परसबाग करताना एक विसंगती जाणवते. येथे वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही चिकण मातीत श्रावणात पपईची मुळे पाणी साचून कुजतात आणि मे महिन्यात त्याच जमिनीला भेगा पडतात. बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो, हे त्याचे कारण. बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेल्या पर्माकल्चर पद्धतीत कृतीपूर्वी निरीक्षणाला स्थान आहे. येथे ते निरीक्षण पाण्यापासून सुरू करावे.

मदनमहालच्या ग्रॅनाइट टेकड्या जवळ असल्याने माती जागोजागी बदलू शकते. त्यासाठी एक फूट खोल खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी शिल्लक राहिल्यास निचरा कमी आहे असे समजावे. तेथे एक फूट उंचीचे गादीवाफे करून पपई व शेवगा त्यांवर लावावा. सखल भागात अळू घ्यावे. हळद व आले मोठ्या झाडांच्या विरळ सावलीत, पण निचऱ्याच्या जागी लावावे.

१०० चौरस मीटर छतावर वर्षभरात १,३०,००० लिटर पाणी पडते; २० टक्के घट धरली तरी सुमारे १,०४,००० लिटर हाती येते. हे पाणी आधी टाकीत घ्यावे व जादा पाणी पायापासून किमान ३ मीटर दूर काढलेल्या शोषचरात सोडावे.

पावसाळा ओसरताच वाफ्यांवर ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. खोडाभोवती मात्र चार बोटे जागा मोकळी ठेवावी. पाचोळा जाळणे म्हणजे उन्हाळ्यातील ओलावाच जाळणे होय. गाजरगवत हातमोजे घालून, फुलण्यापूर्वी उपटावे व कंपोस्टमध्ये वापरावे. फुलोऱ्यावर आलेले गवत कंपोस्टमध्ये टाकू नये, कारण बी टिकून राहते. या तणाची पाने खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्याच्या प्रसाराचे कार्य जबलपूर येथीलच तण संशोधन निदेशालयाने केले आहे. म्हणून असे भुंगे आढळल्यास कीटकनाशक फवारू नये.

विदर्भातील काळ्या जमिनीवरील परसबागांनाही हाच क्रम लागू पडतो. विस्तार कार्यकर्त्यांनी रोपे वाटण्यापूर्वी एका मोठ्या पावसात त्या अंगणात उभे राहून पाणी कोठून येते, कोठे थांबते आणि कोठून निघून जाते, याचा कच्चा नकाशा कुटुंबाकडूनच काढून घ्यावा. पुढील लागवड त्या नकाशावर ठरवावी.